बोल्डर बीचचा उतार

फेब्रुवारी २०२४ : तळावर

तुम्ही आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, जागेवर घेता आणि उतरून आधी चाकांकडे बघता. उजवं मागचं चाक जरा खाली बसलंय. त्याच्याखाली लाकडी ठोकळे सारता, गाडी हातभर पुढे घेता, ओट्यावरच्या पेल्यातलं पाणी समतल दिसलं की हँडब्रेक ओढता. फ्रिज गॅसवर टाकता, दाराबाहेरचा कापडी मांडव उलगडता. दहा मिनिटांत घर उभं राहतं.

जागा आहे बोल्डर बीच. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, लास वेगासपासून पाऊण तासाच्या अंतरावर. समोर लेक मीड आहे. कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधून अडवलेलं हे पाणी साठवणक्षमतेने अमेरिकेतला सगळ्यात मोठा जलाशय आहे. पाण्यापलीकडे फोर्टिफिकेशन हिलचा सपाट, काळा माथा दिसतो. तो बेसाल्टचा आहे, सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला या दगडाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. तुमच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना कण्हेरीची दाट झाडी आहे, आणि तिच्याबाहेर मोहावीचं वाळवंट सुरू होतं.

१९६४ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ज्या जागेला देशातलं पहिलं ‘नॅशनल रिक्रिएशन एरिया’ ठरवलं, ती हीच. क्षेत्र सुमारे पंधरा लाख एकर. हिवाळ्यात इथे उत्तरेकडच्या बर्फातून सुटून आलेल्यांची वस्ती असते. निवृत्त जोडपी, दोन खुर्च्या, एक कुत्रा, गाडीमागे बांधलेल्या सायकली. अशांना इथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. शेजारचे आजोबा तुम्हाला हात करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “पाणी भरून आलात ना?”

प्रश्न साधा नाही. या तळावर प्रत्येक गाडीला नळजोड आणि वीजजोड मिळत नाही. नळ सामाईक, टाक्या रिकाम्या करायची जागाही सामाईक. म्हणून दाराजवळच्या छोट्या पॅनेलवर तुमची नजर पुन्हा पुन्हा जाते. तिथे तीन टाक्यांचे दिवे आहेत: एक चांगल्या पाण्याची, एक आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याची, एक संडासाची. चांगलं पाणी दीडशे लिटर आणि तेवढंच. साबण लावताना शॉवर बंद करायचा, भांडी आधी कागदाने पुसायची, तांदूळ धुतलेलं पाणी फेकायचं नाही. एका संध्याकाळीच तुम्ही पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागता.

आता खाली चला. तळ्याकडे जाणारा हा उतार दिसतो त्याहून लांब आहे, कारण पाणी भरल्या पातळीपासून दीडशे फूट खाली गेलं आहे. या तळ्याचं माप समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत सांगतात. तुडुंब भरलं तर १,२२९ फूट. उतारावरची प्रत्येक पायरी म्हणजे पाण्याची एकेक जुनी पातळी, आणि प्रत्येक पातळीला तिचं साल आहे. उतरलात की काळही बदलणार.

१,२२५ फूट : जुलै १९८३

कण्हेरी मागे पडतात न पडतात तोच पाय ओले होतात. अंगावर एकदम उन्हाचा चटका बसतो. फेब्रुवारीतून तुम्ही थेट जुलैत आला आहात.

पाणी केवढं आहे! लाटा तळाच्या अगदी खालपर्यंत येऊन आपटतायत. यंदा रॉकी पर्वतात बर्फ उशिरापर्यंत पडत राहिलं, मग अचानक ऊन तापलं, आणि वितळलेलं सगळं पाणी एकदम नदीत उतरलं. वरच्या अंगाचं लेक पॉवेलही काठोकाठ आहे. थोड्याच मैलांवर हूवर धरणाच्या दोन्ही बाजूंच्या सांडव्यांवरून पाणी कोसळतंय. १९४१ मध्ये ते एकदा चाचणीसाठी वाहिले होते. पुरासाठी वापरायची वेळ ही पहिलीच.

शेजारी एका मोटरहोमच्या सावलीत एक कुटुंब बसलंय. पोरं पाण्यात उड्या मारतायत, बाप बोटीचा दोर आवळतोय. त्याला विचारा, हे तळं कधी आटेल का? तो हसेल. समोर एवढं पाणी असताना त्याने तरी दुसरं काय उत्तर द्यावं? त्याच्या पोरांच्या आठवणीत लेक मीड कायम असंच राहणार आहे, आणि पुढची वीस वर्षं या काठावर घरं, बोटींचे धक्के, वाळवंटातली हिरवळ याच आठवणीच्या भरवशावर वाढणार आहे.

१,०४० फूट : जुलै २०२२

आणखी उतरा. १,२१४ फुटांवर २००० साल लागतं. तळं अजून जवळजवळ भरलेलंच आहे. त्यानंतर उतार पायऱ्यापायऱ्यांचा होतो, कारण पाणी दरवर्षी थोडं थोडं मागे सरकलं आणि प्रत्येक मुक्कामाची रेघ ठेवून गेलं. तुमच्या बुटांखाली शिंपले चुरचुरतात. हे क्वागा जातीचे. जानेवारी २००७ मध्ये ते या तळ्यात पहिल्यांदा सापडले आणि बघता बघता त्यांनी तळ व्यापला. पाणी गेलं, कवचं राहिली. काँक्रीटचा एक धक्का उतारावर येऊन धुळीत संपतो. त्याच्या टोकाशी बोट उतरवायला आता पाणी नाही.

१,०४० फुटांवर थांबा. तळं पहिल्यांदा भरत होतं त्या १९३७ सालानंतर एवढं खाली ते कधी गेलं नव्हतं. साठा क्षमतेच्या सुमारे २७ टक्के. काठच्या खडकांवर वरपासून पाण्यापर्यंत पांढरा पट्टा आहे. पिंपातलं पाणी उतरलं की आत क्षाराचा थर राहतो, तसाच, फक्त दीडशे फुटांहून उंच. चिखल वाळून त्याला भेगा पडल्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक हिगिन्स बोट, जी अनेक वर्षं पाण्याखाली होती, अर्धी उघडी पडून गंजतेय. बोटी उतरवायला आता एकच धक्का चालू आहे, हेमेनवे हार्बरचा.

पाणी गेलं कुठे? थोडं उन्हाने नेलं, थोडं पावसाने दिलंच नाही. पण मोठा हिशेब बघायचा तर क्षणभर नोव्हेंबर १९२२ मध्ये, न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात डोकावून या. टेबलाभोवती सात राज्यांचे प्रतिनिधी आहेत. अध्यक्षस्थानी हर्बर्ट हूवर, तेव्हाचे वाणिज्यमंत्री. नदी दोन भागांत वाटली जाते, वरच्या खोऱ्याला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या खोऱ्यालाही ७५ लाख. एक एकर-फूट म्हणजे बारा लाख लिटरहून जास्त पाणी. १९४४ च्या करारात मेक्सिकोचे आणखी १५ लाख त्यात येतील. टेबलावर नदीच्या पाण्याचे जे आकडे आहेत, ते नेमके ओल्या वर्षांचे आहेत. २००० सालानंतर नदीला सरासरी सुमारे १२५ लाख एकर-फूटच पाणी येणार आहे, हे त्या खोलीत कुणालाच दिसत नाही. आणि ज्यांचे पूर्वज या पाण्यावर शेकडो वर्षं जगले, त्या आदिवासी समाजांपैकी एकाचाही प्रतिनिधी त्या टेबलापाशी नाही.

कागदावर वाटून झालेलं पाणी नदीत नव्हतंच. जुलै २०२२ च्या या भेगाळ चिखलात तुम्ही त्या वजाबाकीवर उभे आहात.

उत्तरेचा फाटा : जून १९३८

आता पाण्याखाली जायचं आहे, आणि आधी थोडं उत्तरेला, जिथे मडी आणि व्हर्जिन या नद्या कोलोरॅडोकडे येतात. तिथे सेंट थॉमस नावाचं गाव आहे. १८६५ मध्ये मॉर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं. आपण युटात नसून नेवाडात आहोत हे सीमेच्या मोजणीतून कळलं, थकलेल्या कराची मागणी आली, आणि १८७१ मध्ये बहुतेक सगळे गाव सोडून गेले. पुढे पुन्हा वस्ती झाली. १९१० च्या दशकात लॉस एंजलिस आणि सॉल्ट लेक सिटी यांना जोडणारा ॲरोहेड ट्रेल हा मोटाररस्ता याच गावातून गेला. म्हणजे आरव्ही जन्माला येत होती त्या काळात प्रवासी इथे गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घालत, आइस्क्रीम खात आणि रात्रीपुरते टेकत. तुमच्या मुक्कामाची ही आधीची आवृत्ती.

आज रस्त्यावर गाड्या नाहीत. दुकानं रिकामी, झाडं तोडलेली, कबरी हलवलेल्या. पाणी रोज थोडं पुढे येतंय. पोस्टमास्तर शेवटच्या टपालावर शिक्के मारतोय. गावातले शेवटचे रहिवासी ह्यू लॉर्ड यांनी पाणी खरंच इथवर येईल यावर अखेरपर्यंत विश्वास ठेवला नव्हता. आता पाणी दारात आलंय आणि ते होडीत बसून घर सोडतायत.

उजनीच्या जलाशयात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सेंट थॉमसही असंच पुन्हा वर येतं. शाळेच्या पायऱ्या, विहिरींची तोंडं, आइस्क्रीमच्या दुकानाची भिंत. दुष्काळात लोक गाडी करून ते बघायला जातात. कुणाची तरी तहान भागावी म्हणून इथली घरं बुडाली, हे त्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर समजून घ्यायला हवं.

नदीकाठ : जुलै १९३१

बोल्डर बीचवर परत या आणि सरळ तळाशी उतरा. २०२२ च्या पाण्यापासून आणखी साडेतीनशे-चारशे फूट खाली. इथे तळं नाही. कोलोरॅडो वाहतेय, लालसर, गढूळ, वेगवान. हेमेनवेची कोरडी घळ जिथे नदीला मिळते तिथल्या मोकळ्या काठावर शेकडो माणसांची वस्ती पसरली आहे. नाव विल्यम्सव्हिल, पण सगळे म्हणतात रॅगटाउन.

सूर्य डोंगराआडून वर यायचाय आणि तुम्हाला आत्ताच घाम फुटलाय. दुपारी पारा ४५ अंशांच्या वर जाणार. घरं कशाची आहेत? फाटके तंबू, पुठ्ठ्याची खोकी, चारी बाजूंनी चादरी टांगलेली फोर्ड गाडी. टपावर गादी बांधलेली, पायरीवर तवे लटकवलेले. ही घरंही चाकांवर आलीत, तुमच्या घरासारखीच. फक्त या माणसांना परत जायला दुसरं घर नाही. मंदीने नोकऱ्या गेल्या, शेतं गेली, आणि वाळवंटात मोठं धरण बांधतायत ही बातमी ऐकून ती बायकापोरांसह इथे आली. रोजची मजुरी साधारण चार डॉलर, तीही मिळाली तर.

एका तंबूपाशी थांबा. बाई पहाटेच नदीवरून बादल्या भरून आली आहे. पाणी तसंच प्यायचं म्हटलं तर दाताखाली वाळू येते. म्हणून ते पिंपात ओतून ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरचं नितळ पाणी डबड्याने हलकेच काढायचं. आधी पिण्यासाठी, मग भातुकलीएवढ्या भांड्यांसाठी, आणि उरलेलं कापड भिजवायला. ओली चादर ती बाळाभोवती गुंडाळते, कारण या उन्हात बाळ जगवायचा दुसरा उपाय तिच्याकडे नाही. चादर अर्ध्या तासात खडखडीत वाळते. ती पुन्हा भिजवते. पुन्हा. दिवसभर. तुमच्या दाराजवळच्या पॅनेलवरचे दिवे तिच्याकडे नाहीत, पण पिंपात किती बोटं पाणी उरलंय हे तिला झोपेतही सांगता येईल.

तिचा नवरा बोगद्यात कामाला आहे. धरण बांधायचं तर आधी नदीला तिच्या वाटेतून बाजूला काढायला हवं, म्हणून कड्यांच्या पोटातून चार बोगदे खणणं चाललंय, पन्नास फुटांहून जास्त व्यासाचे. आत धूर, स्फोटांची धूळ आणि कोंडलेला उष्मा. या उन्हाळ्यात उष्माघाताने धडधाकट पुरुष मरतायत. बायकाही मरतायत, तंबूत. ऑगस्टमध्ये मजूर संप करतील. त्यांच्या मागण्यांत स्वच्छ पाणी असेल, थंड पाणी असेल. अमेरिकेतला सगळ्यात मोठा पाणीसाठा उभारणाऱ्या माणसांना प्यायला नीट पाणी मागावं लागेल, आणि कंत्राटदार कंपनी त्या मागण्या फेटाळेल.

वर, थंड वाऱ्याच्या पठारावर, मजुरांसाठी बोल्डर सिटी हे नवं गाव बांधलं जातंय. वर्ष संपेपर्यंत तिथे घरं तयार होतील, आणि रॅगटाउन रिकामं होत जाईल. पण कृष्णवर्णीय मजुरांना त्या गावात जागा नाही. कामाच्या ऐन भरात पाच हजारांहून अधिक माणसं इथे राबतील आणि त्यांतले कृष्णवर्णीय अगदी मोजके असतील. धरणाच्या कामावरचे अधिकृत मृत्यू ९६ नोंदले जातील. तंबूत गेलेल्या बायकापोरांचा त्या आकड्यात समावेश नसेल.

१ फेब्रुवारी १९३५ ला बोगद्याचं दार खाली येईल, नदी थबकेल आणि पाणी वर चढायला लागेल. रॅगटाउनचा काठ सगळ्यात आधी बुडेल. मजुरांनी ७२६ फूट उंचीचं धरण ठरल्या मुदतीच्या आधी पुरं करून दिलेलं असेल. ३० सप्टेंबरला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ते देशाला अर्पण करतील. त्यामागच्या तळ्याला ब्यूरो ऑफ रेक्लमेशन या सरकारी खात्याचे आयुक्त एलवुड मीड यांचं नाव मिळेल. ज्या बाईने पिंपातलं पाणी बोटांनी मोजलं तिच्या नावाचं इथे काहीच नसेल. म्हणून तिच्यापाशी तुम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबायला हवं होतं, आणि थांबलात.

नदी मोकळी असताना : ऑगस्ट १८६९

नदीवरचं सगळं माणसांचं काम आता पुसलं जातं. धरण नाही, रस्ता नाही. ३० ऑगस्ट, व्हर्जिन नदीच्या मुखाशी. दोन मार खाल्लेल्या लाकडी होड्या काठाला लागतात. आतले सहा जण हाडकुळे झालेत. म्होरक्या जॉन वेस्ली पॉवेल, ज्याचा उजवा हात यादवी युद्धातल्या शायलोच्या लढाईत गेला. मे महिन्यात दहा जण वायोमिंगहून निघाले होते. ग्रँड कॅन्यन आता त्यांच्या मागे आहे. शिधा संपत आला तेव्हा, चारच दिवसांपूर्वी, त्यांनी काठावरच्या एका आदिवासी मळ्यातून हिरवे भोपळे उचलून आणले आणि तेच शिजवून खाल्ले.

तो मळा दक्षिण पायूट लोकांचा. पॉवेलच्या नकाशावर जो प्रदेश कोरा होता, त्यात कुणीतरी भोपळ्याचे वेल लावले होते, त्यांना ओल दिली होती, आणि तेही नदीकडून जेवढं मिळेल तेवढंच घेऊन. पुढे हाच पॉवेल सरकारला आणि वसाहतदारांना बजावणार आहे की, पश्चिमेतल्या सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी इथे नाही. त्याचं ऐकलं जाणार नाही.

मक्याचं शेत : अकराशेच्या सुमारास

शेवटची पायरी. मडी नदीच्या काठी मातीच्या भिंतींची घरं, एकमेकांना लागून, मधल्या अंगणाभोवती वळलेली. ओलीच्या पट्ट्यात मका, घेवडा, भोपळा, कापूस. जवळच्या खाणीतून मीठ काढून ही माणसं दूरवर पोचवतात आणि बदल्यात समुद्रावरच्या शिंपल्या आणतात. ११५० च्या सुमारास ती इथून निघून जातील. १९२४ मध्ये पुरातत्त्वज्ञ मार्क हॅरिंग्टन इथे उत्खनन सुरू करतील, आणि तळं भरण्याआधी हाती लागेल तेवढं वाचवायची धावपळ होईल. जे वाचलं ते ओव्हर्टनच्या लॉस्ट सिटी संग्रहालयात आहे. बाकी पाण्याखाली.

पुन्हा तळावर

वर या. धाप लागेल, चढ मोठा आहे. गाडीत शिरल्यावर पॅनेलचं बटण दाबा. चांगल्या पाण्याचा दिवा अर्ध्यावर आलाय.

या उतारावर ज्यांनी ज्यांनी मुक्काम केला, त्यांतल्या बहुतेकांना आपल्याकडचं पाणी किती हे ठाऊक होतं. मका लावणाऱ्याला, पायूट मळेवाल्याला, रॅगटाउनच्या बाईला, शेजारच्या आजोबांना. ते ठाऊक नव्हतं फक्त सांता फेच्या टेबलाभोवती बसलेल्यांना आणि १९८३ च्या काठावर हसलेल्या बापाला. एकाच्या हातात फुगलेले आकडे होते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर फुगलेलं तळं. मुक्कामाचं शहाणपण म्हणजे टाकीचं माप डोळ्यांसमोर ठेवणं, आणि ते राज्यांनाही शिकता येतं.

याचा पुरावा तुमच्या मागेच, डोंगरापलीकडे आहे. लास वेगास आपलं सुमारे नव्वद टक्के पाणी याच तळ्यातून घेतं. उधळपट्टीसाठी जगभर नाव असलेलं हे शहर घरात वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून पुन्हा तळ्यात सोडतं. नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडोचं पाणी देणं बंद करणारा कायदा नेवाडाने २०२१ मध्ये केला. २००२ नंतर इथली लोकसंख्या लाखोंनी वाढली, तरी नदीतून प्रत्यक्षात खर्च होणारं पाणी कमी झालं. २००७ साली ठरलेले पाणीवाटपाचे तात्पुरते नियम २०२६ मध्ये संपतात, आणि सातही राज्यांना पुन्हा टेबलाशी बसावं लागतं. या वेळी तिथे आदिवासी समाजांना जागा हवी, आणि हिशेब नदीत खरोखर असलेल्या पाण्यापासून सुरू व्हायला हवा. ओलं वर्ष पुन्हा येईल, लाटा कदाचित पुन्हा कण्हेरीपर्यंत येतील. तेव्हाही दीडशे लिटर घेऊन आलेल्या माणसासारखंच वागायचं, हा या उतारावरचा सगळ्यात जुना नियम आहे. तो मोडणाऱ्यांना इथून उठावं लागतं.